दोन खोल्यांची मुंबई

शैक्षणिक सहलीच्या नावाखाली आपण मुंबईला जातो ते नक्की काय पाहायला, हा प्रश्न आपल्या महाविद्यालयात कुणीतरी एकदा उघडपणे विचारला पाहिजे. कुणी विचारीत नाही म्हणून तो मी विचारीत आहे. प्राध्यापकांनी राग मानू नये आणि सहल समितीतल्या विद्यार्थीमित्रांनी तर मुळीच मानू नये, कारण गाडीत जेवणाचे डबे वाटण्यापासून मागे राहिलेल्या मुलांना हुडकून आणण्यापर्यंतची त्यांची मेहनत मी डोळ्यांनी पाहिली आहे. माझे म्हणणे मेहनतीविषयी नाही, यादीविषयी आहे.

गेल्या वर्षी नोटीस बोर्डावर जो कार्यक्रम लागला होता त्यात एका दिवसात चौदा ठिकाणे होती. गेटवे, ताजमहाल हॉटेल, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय, मणिभवन, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, हाजीअली, सागरी सेतू, सिद्धिविनायक, चैत्यभूमी, शिवाजी पार्क, राजगृह आणि जुहू चौपाटी. यातली पहिली चार कंसात 'बाहेरून' अशी होती. राजगृहापुढे कंसात 'वेळ उरल्यास' असे होते. परळच्या चाळीचे नाव यादीत नव्हतेच. वेळ अर्थातच उरला नाही. आम्ही सातजण दुसऱ्या दिवशी सकाळी सरांची परवानगी काढून परळला आणि तिथून राजगृहाला जाऊन आलो, बाकीची मंडळी तेवढ्यात फॅशन स्ट्रीटवर खरेदी करून आली. संध्याकाळी गाडीत सगळ्यांच्या मोबाइलमध्ये मिळून हजारभर फोटो होते. त्यांतले निम्मे सागरी सेतूचे, तेही धावत्या बसच्या काचेतून काढलेले.

आता कुणी म्हणेल, पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या पोरांना समुद्र पाहू द्या की! जरूर पाहू द्यावा. मीही पहिल्यांदाच पाहिला आणि अर्धा तास काही बोललो नाही. पण मुंबई ही आपल्या राज्याची राजधानी आहे. तिच्याशी वऱ्हाडचे नाते पाहुण्याचे नाही, देण्याघेण्याचे आहे. ते नाते आपल्याला सहलीत कुठेच दाखवले जात नाही, याचे मला वाईट वाटते.

राजाबाई टॉवरचेच घ्या. विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर उभे करून आम्हांला सांगण्यात आले की, हा मनोरा इंग्लंडमधल्या घड्याळाच्या मनोऱ्यासारखा आहे, गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने त्याचा आराखडा केला आणि १८७८ मध्ये तो पुरा झाला. सगळे खरे आहे. पण तो उभा राहिला कशावर? प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने आपल्या आईच्या, राजाबाईच्या, नावाने दोन लाख रुपये दिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या भरभराटीत मुंबईत जे काही मोठे झाले त्यांत प्रेमचंद एक. युद्ध संपले तसा भाव कोसळला आणि प्रेमचंदसकट कित्येकजण बुडाले. मनोरा मात्र दिलेल्या शब्दामुळे उभा राहिला. इंग्रजांनी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला त्यामागेही हीच काळी जमीन होती. पुढे रेल्वेचा फाटा बडनेऱ्याहून अमरावतीला आणि जलंबहून खामगावला आला तो काही आपली सोय पाहून नव्हे. कापसाच्या गाठी बंदराला जायच्या होत्या. त्या वाटेने दीडशे वर्षे आपला माल मुंबईला जात राहिला आणि त्याच वाटेने आता आपण सहलीला जातो. हे सांगायला दोन मिनिटे पुरतात. कापूसवाल्या बापाच्या पोराला ती दोन मिनिटे मिळाली, तर मनोऱ्याकडे तो परक्यासारखा पाहणार नाही. माझ्या सहलीचे पैसेही घरून आले ते सीतादही झाल्यावर, पहिल्या वेच्याचा कापूस विकून.

पण मोठ्या इमारतींविषयी मला इथे फारसे लिहायचे नाही. त्या पाहून मान दुखते इतकेच. ज्या घरांत माणसे राहिली, ती घरे पाहावीत असे माझे मत आहे. आणि त्यांतही लहान घर आधी पाहावे, मोठे मागाहून.

मणिभवन गावदेवीला लॅबर्नम रोडवर आहे. ग्रँट रोड स्टेशनवरून पायी जाता येते. ते घर गांधीजींचे नव्हे, रेवाशंकर जगजीवन झवेरी या त्यांच्या स्नेह्याचे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. रौलट कायद्याविरुद्धच्या १९१९ च्या सत्याग्रहाची जुळवाजुळव तिथे झाली. १९३२ च्या जानेवारीत पहाटे पोलीस आले ते तिथल्याच गच्चीवर. गांधीजी तिथे तंबूत झोपले होते. १९५५ पासून ती वास्तू स्मारक म्हणून राखली आहे. खाली ग्रंथालय आहे. वर त्यांची खोली, तिच्यात गादी, लोड आणि चरखे. शेजारी त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांनी मांडून दाखवले आहेत. आमच्यातल्या बहुतेकांना बाहुल्याच आवडल्या. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि २०१० मध्ये ओबामा येऊन गेल्याचेही आम्हांला सांगण्यात आले. मोठमोठे पाहुणे आले म्हणून घर मोठे, अशी एक समजूत सगळीकडे दिसते.

मला त्या खोलीत दुसरेच काही आठवत होते. गांधीजींनी आत्मकथेत चरखा कसा सापडला ती हकीकत लिहिली आहे. चरखा मिळाला, सूत काढायला शिकवणारी माणसे मिळाली, पण पेळू कुठून आणायचे? रेवाशंकरभाईंच्या दारावरून रोज एक पिंजारी पिंजणाच्या तातेचा आवाज करीत जाई. तो गाद्यांचा कापूस पिंजणारा. गांधीजींनी त्याला बोलावले आणि पेळूंसाठी कापूस पिंजून देशील का म्हणून विचारले. त्याने भाव चांगलाच चढा सांगितला आणि गांधीजींनी तो दिला. त्या सुताच्या पुढे वैष्णव मंडळींनी पवित्रा एकादशीच्या माळा केल्या.

मित्रहो, तुमच्यापैकी खेड्यातून आलेल्यांना पिंजाऱ्याचा तो टँग टँग आवाज आठवतो का? आमच्या गावात दिवाळीनंतर तो यायचा. अंगणात ताडपत्री टाकून जुन्या गाद्या उसवायचा, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या भुवया, मिशा सगळे पांढरे झालेले असायचे. मी लहान असताना आम्ही त्याला 'म्हातारा झाला, म्हातारा झाला' म्हणून चिडवायचो. आता यंत्र आले आहे, तो येत नाही. मणिभवनातल्या त्या खोलीच्या खिडकीशी उभे राहिले की खालचा रस्ता दिसतो. खादीचे केवढे मोठे राजकारण, त्यावर केवढाली पुस्तके. आणि त्याच्या आरंभी रस्त्यावरून जाणारा एक पिंजारी, ज्याचे नावही लिहून ठेवलेले नाही. त्याने घासाघीस न करता चढा भाव घेतला हे मला तर फार आवडले. आम्हांला तिथे वीस मिनिटे देण्यात आली होती. एवढ्या वेळात बाहुल्या पाहून होतात, खिडकीपाशी जाणे होत नाही.

आता परळ. परळला जायचे म्हटल्यावर आमच्यातच वाद झाला होता आणि तो इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. एकजण म्हणाला, "चाळ पाहायला मुंबईला कायले जा लागते? आपल्या गावात काय खोल्या कमी आहेत?" हा आक्षेप निदान विनोदी तरी होता. दुसरा म्हणाला, "ज्यांना जायचं त्यांनी जावं." या वाक्याचा अर्थ आपल्या सगळ्यांना कळतो. मी कुणब्याच्या घरचा आहे. राजगृह आणि चाळ ही जणू एका समाजाने पाहायची ठिकाणे, आणि बाकीच्यांनी तेवढा वेळ चहा प्यायचा, ही वाटणी कुणी आणि केव्हा केली? १९२७ साली याच अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाची चळवळ उभी राहिली तेव्हा पंजाबराव देशमुख तिच्यात होते. त्यांनी १९३२ मध्ये स्थापन केलेल्या शिक्षणसंस्थेमुळे आमच्यासारख्या घरांतली पोरे शाळा-कॉलेजांत येऊ शकली. त्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांनी 'ज्यांना जायचं त्यांनी जावं' म्हणणे मला तरी शोभणारे वाटत नाही.

बाबासाहेब लहानपणी मुंबईत आले ते परळच्या डबक चाळीत, एका खोलीत. धनंजय कीरांच्या चरित्रात त्या खोलीचे वर्णन आहे. तीच स्वयंपाकाची, तीच बसण्याची, तीच झोपण्याची. चुलीचा धूर, सरपण, एका बाजूला जाते, आणि एक शेळीसुद्धा. सगळ्यांना एकदम पाय पसरायला जागा नाही. म्हणून वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर निजवीत आणि स्वतः जागे राहत. रात्री दोनला त्याला उठवीत आणि मग त्या जागी स्वतः निजत. मुलगा दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचीत बसे. पुस्तकांना पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, गहाण ठेवीत, आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. १९०७ साली हा मुलगा मॅट्रिक झाला. शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा; तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुस्कर या शिक्षकांशी त्याची ओळख झाली आणि त्यांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. घरात जागा नाही म्हणून सार्वजनिक बाग.

हे वर्णन मी अकरावीत असताना पहिल्यांदा वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले, कारण पुढे वाचवेना. आमचे घर दीड खोलीचे. माय पहाटे वेचायला जाते म्हणून रात्री आठला निजते. दिवा लावला तर तिची झोप मोडते, न लावला तर माझा अभ्यास बुडतो. ती कधी 'बंद कर' म्हणाली नाही. पदर डोळ्यांवर ओढून घ्यायची, बस. आज मी अमरावतीत तीन मुलांबरोबर एका खोलीत राहतो. पाळीपाळीने दोघे खोलीत अभ्यास करतात, दोघे बाहेर. शहरात पैसे भरून बसायच्या अभ्यासिका गल्लोगल्ली निघाल्या आहेत. तिथे एक खुर्ची, एक दिवा आणि तीन बाजूंनी फळ्या एवढे महिन्याच्या भाड्याने मिळते. ते भाडे ज्याला परवडत नाही तो मुलगा कुठे बसतो हे पाहायचे असेल, तर परीक्षेच्या दिवसांत रात्री बसस्टँडवर जाऊन यावे. तेव्हा कोणत्याही थोर माणसाचे घर पाहायला गेलो की मी आधी एकच शोधतो : हा माणूस वाचायला कुठे बसत होता?

परळच्या बी.आय.टी. चाळीत त्याचे उत्तर मिळते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसे किड्यामुंगीसारखी मेली. त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने शहर सुधारण्यासाठी जो ट्रस्ट स्थापन केला, त्याने गरिबांसाठी बांधलेल्या या चाळी. बाबासाहेबांचे कुटुंब १९१२ च्या सुमारास तिथे राहायला आले. चाळ क्रमांक एक, दुसरा मजला, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. एक खोली कुटुंबाला आणि एक वाचायला. दोन खोल्या घेतल्या आणि त्यांतली एक पूर्ण पुस्तकांना दिली, हे वाक्य ज्यांच्या घरी वेगवेगळ्या खोल्या आहेत त्यांना साधे वाटेल. ज्याच्या घरी एका खोलीत पाचजण निजतात त्याला विचारा, अर्धे घर पुस्तकाला देणे म्हणजे काय! त्या निम्म्या घराची किंमत दुसऱ्या खोलीतल्या माणसांनी, विशेषतः रमाबाईंनी, चुकती केली. बाबासाहेब कोलंबियाला गेले, लंडनला गेले, परत आले, १९२७ साली महाडला गेले, गोलमेज परिषदांना गेले, त्या सगळ्या काळात घरचा पत्ता हाच. मोठे होईपर्यंत माणूस चाळीत राहतो आणि मोठा झाला की बंगल्यात जातो, असे आपण समजतो. इथे माणूस मोठा झाला तेव्हाही चाळीतच होता.

आम्ही गेलो तेव्हा चाळ नांदती होती. जिना दगडी आणि पायऱ्या मधोमध झिजलेल्या. लांब व्हरांडा, एका बाजूला दारे, कठड्यावर कपडे वाळत घातलेले, कुठे तुळशीचा डबा, टोकाला सामाईक संडास. आम्ही सातजण बूट वाजवीत वर गेलो आणि मग सगळ्यांना एकदम संकोच वाटला, कारण ती लोकांची घरे होती. एक आजीबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी कुठले म्हणून विचारले. अमरावती म्हटल्यावर म्हणाल्या, "लांबनं आलात. पाणी घ्या." आम्ही खोल्यांपुढे उभे राहिलो, आत डोकावलो नाही. परतताना मी व्हरांडा पावलांनी मोजत आलो. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत माझी जेवढी पावले झाली, त्यापेक्षा आमची अमरावतीची खोली एका पावलाने मोठी भरते. याने काय सिद्ध होते, असे आमचे एक सर मागाहून हसून म्हणाले. काही सिद्ध होत नाही. पण आता खोली लहान आहे ही सबब मला घरी सांगता येत नाही, एवढा परिणाम झाला.

तिथून दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह फार लांब नाही, आणि चाळ पाहून तिथे गेले तरच राजगृहाचा अर्थ कळतो. बाबासाहेबांनी १९३० नंतरच्या वर्षांत ते बांधले, आराखडा स्वतः लक्ष घालून करवून घेतला, आणि मगधाच्या जुन्या राजधानीचे नाव त्याला दिले. राहायला खालचे मजले, पुस्तकांना वरचा. माणसाने आपल्या पुस्तकांसाठी घर बांधावे असे दुसरे उदाहरण आपल्याकडे चटकन आठवत नाही. 'चार मिनार' ही दुसरी इमारत त्यांनी १९४१ मध्ये विकली. तिचे पैसे देणी आणि पुस्तके यांतच गेल्याचे सांगतात. राजगृह ठेवले. रमाबाई त्या नव्या घरात फार दिवस राहिल्या नाहीत. २७ मे १९३५ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. चाळीतली वीस-बावीस वर्षे आणि बंगल्यातली एक-दोन! तळमजल्यावर आज वस्तू आणि छायाचित्रे पाहायला ठेवली आहेत. २०२० च्या जुलैमध्ये कुणी माथेफिरूने तिथे मोडतोड केली तेव्हा आपल्याकडेही मोर्चे निघाले होते. मोर्चाला गेलेल्या माझ्या कित्येक मित्रांनी ते घर पाहिलेले नाही. ही त्यांची चूक नाही; मुंबईला नेणाऱ्याने 'वेळ उरल्यास' लिहिले तर त्यांनी काय करावे?

स्मारके कशी असावीत यावरही मला थोडे बोलायचे आहे. दादरलाच, जुन्या इंदू मिलच्या जागेवर, बाबासाहेबांच्या साडेतीनशे फुटी पुतळ्याच्या स्मारकाचे भूमिपूजन २०१५ मध्ये झाले. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर विकत घेतले. १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना ते त्या घरात राहत होते. शेजाऱ्यांच्या तक्रारी, तिथल्या नगरपालिकेची हरकत, असे सगळे होऊन २०२० मध्ये त्या संग्रहालयाला रीतसर परवानगी मिळाली. या दोन्ही गोष्टींचा मला आनंदच आहे. परळच्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांचे राष्ट्रीय स्मारक करण्याची घोषणाही सरकारने केलेली आहे. पण परळच्या कामाची ओढ लंडनच्या कामाइतकी दिसली नाही, हे म्हटल्यावाचून राहवत नाही. लंडनच्या त्या घरापर्यंत आपल्यातला कितीजण पोचणार? परळला मात्र जनरलच्या डब्यात बसून कुणीही पोचू शकतो. पुतळ्याखाली उभे राहिलेला मुलगा म्हणतो, केवढा मोठा माणूस! खोलीत उभा राहिलेला मुलगा म्हणतो, इथे बसून? मला दुसरा प्रश्न अधिक उपयोगाचा वाटतो.

आणि स्मारक करताना त्या खोल्यांना संगमरवर लावू नये. भिंतीचा चुना तसाच राहू द्यावा. एका खोलीत काहीही न मांडता फक्त एक सतरंजी आणि दिवा ठेवावा. दुसऱ्या खोलीत मोफत अभ्यासिका चालवावी, परळ-लालबागच्या ज्या पोरांना घरी जागा नाही त्यांच्यासाठी, आणि ती रात्रीही उघडी असावी. चाळीतल्या कुणाला हलवायचे असेल तर आधी त्याला त्याच्या मनासारखी जागा मिळावी, मग उद्घाटनाची फीत कापावी. आमच्या एका प्राध्यापकांना ही कल्पना पटली नाही. स्मारकात वावर वाढला की वास्तू झिजते, असे ते म्हणतात. झिजते हे खरे आहे. पायऱ्या आधीच झिजलेल्या आहेत आणि त्याच पाहताना मला सर्वांत बरे वाटले.

दादरचा विषय निघाला म्हणून आणखी एका घराविषयी. सहलीहून परत आल्यावर मी घरी मुंबईचे वर्णन करीत होतो. मायला गेटवे माहीत नाही, मणिभवन माहीत नाही. ती म्हणाली, "टाटाच्या दवाखान्याजोळची धरमशाळा पाह्यली का? तुह्या मोठ्या काकाले घेऊन आमी तिथं दीड महिना होतो." वऱ्हाडातल्या शेकडो घरांना मुंबई माहीत आहे ती अशी. कॅन्सर झाला की टाटा, आणि टाटाला गेले की दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. ज्या बाबांचा जन्म आपल्या अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा, ज्यांनी आयुष्यभर एका गाडग्यात जेवण घेतले, त्यांनी स्वतःसाठी घर म्हणून बांधलेच नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई, जिथे गरीब माणूस उघड्यावर निजतो तिथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या संस्थेच्या हवाली केली. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबा गेले, तेही वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, प्रवासात. थोर माणसाचे घर दाखवा म्हटले तर गाडगेबाबांचे काय दाखवणार? दादरची ती इमारत दाखवता येईल. मात्र तिथे पन्नास मुलांची सहल नेऊ नये. तिथे आजारी माणसे असतात, ती पाहायची वस्तू नव्हेत. दोघा-तिघांनी जावे, आपल्या तालुक्यातले कुणी आहे का विचारावे, काही आणून द्यायचे असेल तर द्यावे. आमच्या यादीतल्या सिद्धिविनायकाला चार तास रांगेत उभे राहणाऱ्यांना तेवढा वेळ नक्की काढता येईल.

एवढे लिहिल्यावर कुणीतरी विचारणारच, मुंबईचे राहू दे, इथले काय? तो प्रश्न रास्त आहे. १८९७ चे काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले, शंकरन नायर अध्यक्ष होते. दादासाहेब खापर्डे त्याच्या स्वागताचे पुढारी; लोकमान्यांचे अपील लढवायला हे लंडनला जाऊन राहिले होते. आज खापर्डे बगीचा हे वस्तीचे नाव आपण रिक्षावाल्याला रोज सांगतो, पण खापर्डे कोण हे विचारले तर वर्गात किती हात वर होतील? मी आमच्या वर्गात विचारून पाहिले. तीन. त्यांतला एक हात वर्गातून बाहेर जायची परवानगी मागणारा होता. याविषयी स्वतंत्र लेख लिहिण्याचा विचार आहे, इथे जागा नाही.

सहल समितीपुढे माझी सूचना साधी आहे. अमरावती एक्स्प्रेस सकाळी दादरला थांबते. तिथेच उतरावे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जाऊ नये. आवरून झाल्यावर आधी परळची चाळ, दहा-दहाच्या गटाने, बूट न वाजवता. मग राजगृह, आत जाऊन, निदान एक तास. दुपारी लोकलने ग्रँट रोड आणि मणिभवन. तिथे सर्वांनी गच्चीपर्यंत जावे आणि जाण्यापूर्वी आत्मकथेतले चरख्याचे प्रकरण एकाने मोठ्याने वाचावे. गाडीत अंताक्षरीला बारा तास असतात, त्यातली दहा मिनिटे पुरे. संध्याकाळी समुद्र. दुसरा दिवस बाकीच्या ठिकाणांना मोकळा आहेच. यात एक रुपया जास्त लागत नाही, उलट एका दिवसाच्या बसचे भाडे वाचते. वाचलेल्या पैशातून ज्या दोघा-चौघांना वर्गणी भरता आली नाही त्यांना नेता येईल. गेल्या वर्षी आमच्या वर्गातले चारजण पैशासाठी मागे राहिले. त्यांतला एकजण डबक चाळीविषयी माझ्यापेक्षा जास्त जाणतो. सहलीची नावे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेतात.